‘काही दोष आढळला नाही’ असं लिहून मिळालेली गाडी: मालकाने पुढे काय करायचं

मे महिन्यातली दुपार होती. रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो. साखरपा मागे पडलं, आंबा घाट चढायला लागलो. दुसरा गिअर, एसी चालू, मागच्या सीटवर आई आणि सात वर्षांचा मुलगा. एका वळणावर इंजिन बंद पडलं. झटका नाही, आवाज नाही, नुसतं बंद. मागून खडीचा डंपर येत होता. त्याच्या ड्रायव्हरने ब्रेक मारले म्हणून आम्ही वाचलो. पाच-सहा सेकंदांनी चावी फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली आणि ‘काही दोष आढळला नाही’ असं लिहून गाडी परत दिली. पंधरा दिवसांनी त्याच घाटात पुन्हा तेच. अशा तीन फेऱ्या झाल्या. दोष चौथ्या वेळी सापडला, तोही भलत्याच ठिकाणी.

पहिलीच गाडी घेतलेल्या, गाडीतलं फारसं न कळणाऱ्या माणसासाठी हे लिहिते आहे. मलाही तेव्हा काही कळत नव्हतं. दोष सापडला नाही याचा अर्थ तो त्या दिवशी, त्या शेडमध्ये, उभ्या गाडीत दिसला नाही, एवढाच असतो. तो दिसेल अशी परिस्थिती कोणती, हे गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून निदानातलं निम्मं काम आपलं असतं.

आधी हे ठरवा: गाडी रस्त्यावर न्यायची का?

काही लक्षणं दिसली की गाडी जागेवरच उभी करायची. ब्रेकचं पॅडल हळूहळू खाली जाणं, स्टेअरिंगमध्ये अचानक ढिलेपणा येणं, पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास, वायर जळल्याचा वास किंवा धूर, पाय काढल्यावरही गाडी पळत राहणं, आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं. यातलं एकदाही घडलं तरी ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ’ हा विचार सोडा. गाडी टोचन करून न्या. बऱ्याच विमा पॉलिसींत आणि नव्या गाडीच्या वॉरंटीत रस्त्यावरच्या मदतीची सोय असते, तो नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा. ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढायची नाही. ती पूर्ण उचलून नेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवा.

पहिल्या वेळी मी हे केलं नाही. गाडी सुरू झाली म्हणून तशीच घरी आणली आणि दोन आठवडे मुलाला तिच्यातूनच शाळेत सोडलं. ती चूक तुम्ही करू नका.

घरात ज्यांच्या ज्यांच्या हाती चावी जाते, त्या सगळ्यांना दोष सांगा. भाऊ, दीर, कामावरचा ड्रायव्हर, कुणालाही वगळू नका. सरळ दुसरी चावीसुद्धा काढून ठेवा. आणि ‘विकून टाक, डोक्याचा ताप जाईल’ असा सल्ला देणारं कुणी ना कुणी भेटतंच, त्याचं ऐकू नका. दोष लपवून विकलेली गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला घेऊन त्याच घाटात चढणार असते.

चालत्या गाडीत घडलं तर पहिली दहा सेकंदं

इंजिन बंद पडलं की ब्रेक जातात असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. ब्रेकला जोर देणारा जो बूस्टर असतो त्यात एक-दोन दाबांपुरती ताकद शिल्लक असते. म्हणून पॅडल पुन्हा पुन्हा मारायचं नाही, एकदाच जोरात दाबून धरायचं. बूस्टरची ताकद संपली तरी ब्रेक लागतो, फक्त पाय खूप जोरात लावावा लागतो. स्टेअरिंग जड होईल, पण वळेल. चावी बाहेर काढू नका, लॉक बसलं तर स्टेअरिंग फिरणारच नाही. हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावा, क्लच दाबा, गाडी न्यूट्रल करा, डावीकडे घ्या, जमलं तर चालत्या गाडीतच चावी फिरवून बघा. चढावर असाल तर गाडी मागे घसरेल. ब्रेकसोबत हँडब्रेक ओढा, कुणी सोबत असेल तर त्याला चाकामागे दगड लावायला सांगा.

इंजिन चालू आहे पण पॅडल खाली बसतंय, ही गोष्ट वेगळी. तिथे तेल गळत असण्याची शक्यता असते, म्हणून पॅडल भराभर मारून दाब तयार करायचा, गिअर एकेक करत खाली आणायचा आणि हँडब्रेक हळूहळू ओढायचा. या दोन प्रसंगांत नेमकं उलटं वागावं लागतं, हे डोक्यात पक्कं बसवा.

गाडी आपोआप पळायला लागली तर ब्रेक घट्ट दाबा आणि न्यूट्रल करा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. नंतर पायाखालची मॅट आधी बघा. जाड, सुटी मॅट सरकून ॲक्सिलरेटर अडकणं हे नेहमीचं कारण आहे. बटण-स्टार्ट गाडी असेल तर चालत्या गाडीत इंजिन कसं बंद करायचं ते मॅन्युअलमध्ये आजच वाचा. बहुतेक गाड्यांत बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं.

गाडी थांबली की रहदारीच्या विरुद्ध बाजूने सगळ्यांनी उतरायचं आणि कठड्यापलीकडे किंवा रस्त्यापासून लांब उभं राहायचं. गाडीच्या मागे उभं राहून हात दाखवायचा नाही. धोक्याचा लाल त्रिकोण गाडीपासून बराच मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवा. मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

वही

आता खरं काम. मला सगळ्यात उपयोगी पडली ती चाळीस पानी वही.

दर वेळी काय लिहायचं? तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा. गाडी सुरू करून किती वेळ झाला होता. वेग आणि गिअर. चढ, उतार की सपाट. एसी चालू की बंद. टाकीत पेट्रोल किती, आणि शेवटचं कुठे भरलं. गाडीत माणसं किती. पाऊस होता का. डॅशबोर्डवर कोणते दिवे लागले, आणि कोणत्या क्रमाने लागले. पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. वास, आवाज, झटका काही होतं का. हे त्याच दिवशी लिहा, कारण दोन दिवसांनी आपण आठवणीत भर घालायला लागतो.

त्यात एक गोष्ट अशी की ती बघायची असते हेच बहुतेकांना माहीत नसतं: आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा, काटा. गाडी गिअरमध्ये असताना चाकंच इंजिन फिरवत असतात. अशा वेळी इंजिनाने दम सोडला, पण काटा वेगाबरोबर सावकाश खाली आला, तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर, म्हणजे पंप, फिल्टर, पंपाचा रिले यांच्यावर जातो. गाडी अजून पळतेय आणि काटा मात्र एका क्षणात शून्यावर पडला, तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर गप्प झाली असावी. हा खात्रीचा निवाडा नाही, पण मेकॅनिकला अर्धं इंजिन बाजूला ठेवायला मदत होते. माझा काटा शून्यावर पडत होता. हे मला तिसऱ्या वेळी दिसलं, कारण तोवर मी काट्याकडे बघतच नव्हते.

व्हिडिओ काढा, पण चालवणाऱ्याने नाही. शेजारी बसलेल्याने मोबाइल मीटरकडे रोखून धरावा, किंवा आतल्या बाजूचं दाखवणारा डॅशकॅम लावावा. व्हिडिओ मिळावा म्हणून गाडी मुद्दाम घाटात न्यायची नाही, हे निक्षून सांगते. पुढची चाचणी मेकॅनिकसोबत, मोकळ्या रस्त्यावर होऊ द्या.

स्टेअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचायचा, एक सॉकेट असतो. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ रीडर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर दोषाचा कोड दाखवतो. कोड दिसला तर स्क्रीनशॉट काढा, तो पुसू नका. बॅटरीचा टर्मिनलही उगाच काढू नका. दोष घडला त्या क्षणी वेग, तापमान, आरपीएम किती होते याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो आणि ती पुसली जाऊ शकते. आणि कोड नाही म्हणून दोष नाही असं समजू नका. क्रँक सेन्सरचा सिग्नल क्षणभर तुटला तर कॉम्प्युटरला एवढंच कळतं की इंजिन थांबलं. चालकाने बंद केलं की आपोआप बंद पडलं, हा फरक त्याला दर वेळी कळत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर गाडीत बाहेरून काय काय बसवलंय ते लिहा: जादा हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टिम, अलार्म, रिव्हर्स कॅमेरा. मूळ वायर कापून, टेप गुंडाळून दिलेले जोड हे अशा दोषांचं मोठं घर आहे. आणि पावसाळ्यात बोनेटखाली उंदीर बसतात. कुरतडलेली वायर, लेंड्या, भुशाचं घरटं दिसतंय का ते टॉर्च घेऊन स्वतः बघा.

जॉबकार्डवर तुमचेच शब्द

सर्व्हिस ॲडव्हायझरला घाई असते. जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, तो ‘पिकअप कमी’ किंवा ‘जनरल चेकअप’ असं काहीतरी टाइप करतो. तिथे थांबवा. निदान सांगू नका, लक्षण सांगा, आणि ते तसंच लिहून घ्या: ‘इंजिन गरम असताना, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या गाडीत बंद पडते. आरपीएम काटा एकदम शून्य. आजवर तीन वेळा. प्रवाशांच्या जिवाला धोका.’ शेवटचं वाक्य गाळू देऊ नका. वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा आणि जॉबकार्डची प्रत घेतल्याशिवाय निघू नका.

टेक्निशियनसोबत स्वतः चक्कर मारा, आणि वहीत आहे तशीच परिस्थिती तयार करा. आमची पहिली चाचणी सकाळी दहा वाजता, थंड इंजिनावर, सपाट रस्त्यावर, गाडीत दोनच माणसं बसवून झाली. चार माणसं, एसी, तापलेलं इंजिन आणि चढ यांच्याशिवाय ती गाडी कधीच बंद पडली नव्हती. त्या चाचणीत काय दोष दिसणार होता?

अंदाजाने पार्ट बदलायला लागले तर दोन प्रश्न विचारा. कोणत्या तपासणीत हा पार्ट खराब निघाला? आणि जुना पार्ट मला परत मिळेल ना? पैसे तुम्ही दिले असतील तर जुना पार्ट मागून घ्याच. वॉरंटीत बदलला असेल तर तो कंपनी ठेवते, पण त्याचा फोटो आणि नंबर टिपून घेता येतो.

गाडी घेताना समाधानाच्या कागदावर सही मागतात. दोष सापडला नसेल तर सहीच्या वर हाताने लिहा: ‘निदान झालेलं नाही, तक्रार कायम आहे.’ त्या एका ओळीवर पुढे बरंच काही अवलंबून असतं.

दुसरा डोळा

तिसऱ्या वेळेनंतर मी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांकडे गेले. गाडी वॉरंटीत होती, म्हणून त्यांना आधीच सांगितलं: काही कापायचं नाही, उघडायचं नाही, फक्त बघायचं. ही खबरदारी तुम्हीही घ्या, नाहीतर पुढे ‘बाहेर हात लावला’ म्हणून वॉरंटी नाकारतात.

काकांनी स्कॅनर लावला नाही. वही मागितली, दोनदा वाचली, आणि विचारलं, “बाई, उतारावर एकदा तरी बंद पडली का?” नाही. “सपाटीला?” नाही. मग ते म्हणाले, “चढाला इंजिन जोर लावतंय म्हणजे कलतंय. कलल्यावर काय ताणलं जातंय ते बघू.” त्यांनी बोनेट उघडून तास-दीड तास नुसत्या वायरी तपासल्या. क्रँक सेन्सरकडे जाणारी वायर तिच्या क्लिपमधून सुटली होती, आणि इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या एका माउंटिंगचं रबर फाटलं होतं. इंजिन चालू ठेवून त्यांनी ती वायर बोटाने जराशी ओढली, आणि इंजिन गप्प झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा गप्प. मी व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले, आणि वायरिंग आणि माउंटिंग दोन्ही वॉरंटीत बदलून मिळालं.

निदान कुणी दुसऱ्यानेच करणं ही नवलाची गोष्ट नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांचा इग्निशन स्विच (चावी फिरवतो तो) गुडघ्याच्या धक्क्याने किंवा जड चावीच्या ओझ्याने चालत्या गाडीत सरकायचा. इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडत नव्हती. २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात अशा गाडीच्या अपघातात एका तरुणीचा जीव गेला. गाडी बंद पडते म्हणून तिने काही दिवस आधीच ती डीलरकडे दाखवली होती. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या एका इंजिनियरने जुन्या गाडीचा स्विच आणि नवा स्विच शेजारी ठेवून मोजले. तेव्हा कळलं की कंपनीने मधल्या काळात स्विच बदलला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता. २०१४ मध्ये त्या स्विचसाठी जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

रिकॉल आहे का ते बघा

दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या अशा परत बोलावणं म्हणजे रिकॉल. आरसीवर चेसिस नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि खरं तर ते सगळ्यात आधी करायला हवं. २०२० च्या जुलैमध्ये मारुतीने फ्युएल पंपातल्या संशयित दोषासाठी १,३४,८८५ वॅगनआर आणि बलेनो तपासणीसाठी बोलावल्या होत्या. सेकंडहँड गाडी असेल तर कंपनीचं पत्र पहिल्या मालकाकडे गेलेलं असू शकतं. रिकॉलचं काम फुकट असतं.

रिकॉल नसेल तरी तक्रार सरकारपर्यंत पोचवता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सुरक्षेला धोका असलेल्या दोषाबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि तक्रार परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदवायची. तुमची तक्रार त्या मोजणीत धरली जाते, म्हणून स्वतःची गाडी दुरुस्त झाली तरी ती नोंदवा.

दाद मागायची वेळ आली तर

फोनवर बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ईमेल करा, सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकत्र. मजकूर छोटा ठेवा. साधारण असा:

‘माझी गाडी (नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक) अमुक तारखांना चालत्या स्थितीत बंद पडली. तीन जॉबकार्ड आणि व्हिडिओ जोडले आहेत. तिन्ही वेळी निदान झालेले नाही. गाडी चालवणे धोक्याचे असल्याने ती वापरणे मी थांबवले आहे. कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याकडून तपासणी करून १५ दिवसांत लेखी निदान द्यावे, आणि तोपर्यंत पर्यायी गाडीची सोय करावी.’

राग, धमक्या, सोशल मीडियाचा उल्लेख यांपैकी काही नको. हा कागद पुढे कुणी तिऱ्हाईत वाचणार आहे असं समजून लिहा. वॉरंटी संपायच्या आत दोषाची लेखी नोंद झालेली असेल, तर नंतर ‘वॉरंटी संपली’ हे उत्तर लंगडं पडतं.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार कंपनीकडे पाठवून मध्यस्थी करतात. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीला असलं तरी. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फीसुद्धा किमतीवरच ठरते: पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, ती पत्रव्यवहारात घालवू नका.

तिथे खरी अडचण येते ती दोष सिद्ध करण्याची. नुसतं ‘गाडी खराब आहे’ म्हणून चालत नाही. आयोग गाडी तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्याआधी हातात जॉबकार्डं, वही, व्हिडिओ आणि जाणकाराचा लेखी अभिप्राय असला तर बोलायला जागा राहते. आणि देव न करो, पण अपघात झालाच, तर विमा सर्व्हेअरने आणि पोलिसांनी बघितल्याशिवाय, फोटो काढल्याशिवाय गाडी दुरुस्तीला देऊ नका. तुटलेला पार्ट भंगारात गेला की पुरावाही गेला.

दुरुस्तीनंतर

बदललेल्या पार्टचं नाव, नंबर आणि केलेलं काम बिलावर लिहून घ्या, बिल शून्य रुपयांचं असलं तरी. मग ज्या परिस्थितीत दोष दिसत होता त्याच परिस्थितीत गाडी तपासा, आधी टेक्निशियनला सोबत घेऊन. वही लगेच बंद करू नका. अधूनमधून येणारा दोष महिनाभर आला नाही म्हणजे गेलाच असं नसतं.

आम्ही सर्व्हिस सेंटरच्या माणसाला शेजारी बसवून, मागे वाळूची पोती ठेवून, एसी लावून भर दुपारी आंबा घाट चढलो. नंतर मी आणि भाऊ दोनदा चढलो. तिन्ही वेळी वहीत ‘बंद पडली नाही’ असं लिहिलं, काटा कुठे होता तेही लिहिलं. चौथ्या वेळी मुलाला मागच्या सीटवर बसवलं.